प्रकरण चौदावे : तुम्ही इथे राहता, कशावरून?

गृहनिर्माण मंडळाची नोटीस तशी सभ्य होती. 'सदर जागेत मूळ भाडेकरूचे कुटुंब प्रत्यक्ष राहत नसल्याचे मंडळास समजले आहे. तसे नसल्यास कुटुंबाने ते तपासणीच्या वेळी सिद्ध करावे, अन्यथा जागा मंडळाच्या ताब्यात घेण्यात येईल.' ताईने ती दारात उभं राहून घेतली, दारातच वाचली, आणि 'घेणाऱ्याची सही' असं लिहिलं होतं तिथे सही करता करता शिपायाला म्हणाली, "मी इथे राहत नाही, तर ही सही कोणाची?"

"मला काय विचारता बाई? मी फक्त वाटतो," असं म्हणून शिपाई खालच्या मजल्यावर वाटायला गेला.

आज तपासणीचा दिवस उजाडला होता. त्याच्याही आधी उजाडला होता दादा.

मूळ भाडेकरू आप्पा, त्यांचा हा थोरला मुलगा बँकेतून उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला, आणि बँक हातची गेल्यापासून उरलेलं सगळं जग त्याने आपल्या व्यवस्थापनाखाली घेतलं. स्वतःच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बायकोला सोबत घेऊन तो आला, आप्पांच्या हॉलच्या मधोमध उभा राहिला, हात मागे बांधले आणि म्हणाला, "घाबरायचं नाही. मी आलोय."

घाबरायला खरी सुरुवात तिथून झाली.

"एक लक्षात ठेवा. निरीक्षक येतो तो आपल्याविरुद्ध काहीतरी शोधायला. त्याला सापडेल असं काही आपण ठेवायचंच नाही. साधं आहे."

"पण दादा, आपल्याविरुद्ध असं इथे आहे काय?" ताईने विचारलं.

दादाची नजर भिंतींवरून फिरत फिरत खिडकीपाशी आली आणि तिथेच रुतली. "ही शिलाई मशीन."

"ती माझी आहे."

"तेच म्हणतोय. राहत्या जागेत धंदा! करार तिथल्या तिथे रद्द. उचला."

उचलायचं काम अर्थातच बापूचं. बापू हा शेंडेफळ, हातात कायम पक्कड असलेला इलेक्ट्रिशियन. फ्रिज कोणी घ्यायचा यावरून झालेल्या भांडणापासून दादा आणि तो एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये तारेसारखी बापूची मुलगी लागायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबलेली अजून कोणी पाहिली नव्हती.

"भिंगरे, तुझ्या बापाला सांग, मशीन उचल म्हणावं."

"बाबा, काका म्हणतात मशीन उचला."

"काकांना विचार, ठेवू कुठे? डोक्यावर?"

"काका, बाबा विचारतात ठेवू कुठे, डोक्यावर? डोक्यावर कोणाच्या ते नाही बोलले."

मशीन समोरच्या दारातल्या मास्तरांकडे गेली. मास्तर एकटे राहायचे, पेपर वाचत बसायचे, आणि कोणी काही ठेवायला दिलं की त्यांना बरं वाटायचं.

मग गाडी सुटलीच. भिंतीवरच्या खुंट्यांना गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले होते. "परक्या माणसांचे कपडे घरात, म्हणजे पोटभाडेकरू!" गेले मास्तरांकडे. पलंगाखाली दोन गाद्या जास्तीच्या निघाल्या. "राहणारी माणसं किती आणि गाद्या किती?" त्या दादा-वहिनी मुक्कामाला आले तर म्हणून ठेवलेल्या होत्या, पण दादाने आपल्याच गाद्यांवर संशय घेतला आणि त्या मास्तरांकडे पाठवल्या. स्वयंपाकघरात दोन शेगड्या दिसल्या. "दोन चुली म्हणजे दोन कुटुंबं!" एक गेली. दुसरी एकटी बरी दिसेना म्हणून वहिनीने घासून अशी लख्ख केली की तिच्यावर कधी दूध उतू गेलं असेल असं तिचं तिलाही आठवलं नसतं. ब्रश ठेवायच्या पेल्यात एक ब्रश जास्तीचा.

"हा कोणाचा?" दादाने तो पुराव्यासारखा दोन बोटांत धरला.

"मशीनचा," ताई म्हणाली. "त्याने मी धागे काढते."

"निरीक्षकाला सांगणार आहेस, आमची मशीन दात घासते म्हणून? पेलाच काढून टाका."

गॅलरीतल्या कुंड्या हे अतिक्रमण ठरलं. दाराजवळचा चपलांचा ढीग म्हणजे गर्दी. दोरीवरचे कपडे म्हणजे बेशिस्त. खुर्च्या, भांडी, कपाटातले कपडे आणि रोजची अंथरुणं म्हणजे पसारा. शेवटी दादाची नजर आप्पांच्या फोटोवर गेली.

"आप्पांना तरी राहू दे," ताई हळूच म्हणाली.

"ताई, भावनेने बघू नकोस. मूळ भाडेकरू वारला ही गोष्ट आपणच भिंतीवर टांगून दाखवायची का?"

आप्पासुद्धा मास्तरांकडे गेले.

दुपार झाली तेव्हा भिंगरी हॉलच्या मधोमध उभी राहून "ओऽऽ" असं ओरडली आणि चारी भिंतींनी तिला तसंच उत्तर दिलं. "आत्या, ऐकलंस? घुमतंय! आपल्या घरात आवाज घुमतो! आधी कधीच नव्हता घुमत." ती आणखी तीनदा ओरडली. मोठ्यांपैकी एकानेही त्या घुमण्याचा अर्थ लावला नाही.

*

वहिनीने फ्रिजमधला शेवटचा कप्पा पुसला आणि दार बंद केलं. आतले डबे तिने केव्हाच रिकामे केले होते. स्वच्छता हे घरातलं एकच खातं असं होतं जिथे दादा बोट घालायला धजत नसे, म्हणून संकट कुठलंही असो, वहिनी आधी फडकं हातात घ्यायची.

फडकं फिरत असलं की डोकंही फिरायचं. नवऱ्याच्या मनात काय आहे ते ती गेले काही महिने ओळखून होती. 'आपलं मूळ घर', 'थोरल्याचा हक्क', 'म्हातारपणी माणसाने आपल्या मातीत असावं' असले शब्द त्याच्या तोंडी यायला लागले होते. माती कसली? तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पाण्याच्या वेळा पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर. तिचे गुडघे जिन्याच्या पहिल्या वळणावरच तिला नावं ठेवायला लागत.

"वहिनी, तुम्ही बसा थोडं," ताई आत आली. "सकाळपासून राबताय."

"ताई, एक विचारू? खरं सांगायचं. हे जर इथले भाडेकरू झाले, तर तुम्हाला चालेल?"

ताई ओट्याला टेकली. ओटा इतका स्वच्छ होता की तिला टेकताना संकोच वाटला. "मला विचारलंय कोणी कधी? आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा मी इथे होते म्हणून मी केलं. मी इथे होते कारण मी इथेच असते. माझी गिऱ्हाइकं या गल्लीतली. मापं मला तोंडपाठ. हे घर गेलं तर बापूची बायको नर्स आहे त्या हॉस्पिटलजवळ त्याला कुठेतरी खोली मिळेल. मी कुठे जाऊ? तुमच्याकडे?"

"आमच्याकडे व्यायामाची मशीन आहे त्या खोलीत जागा होईल," वहिनी म्हणाली, आणि बोलताक्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या मशीनवर आजवर फक्त टॉवेल वाळले होते. तिने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "नाही ताई. तुम्ही इथेच राहायचं. बघते मी."

त्या घरातली ही पहिलीच युती अशी झाली की जिच्याबद्दल भिंगरीला निरोप न्यावा लागला नाही.

*

निरीक्षक आला तो जिने चढून दमलेला. हातात मोबाइल, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर या आधीच्या चार घरांतला वैताग. त्याने दारावरची पाटी वाचली, मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं, आत आला, आणि थबकला.

"इथे कोण राहतं?"

"आम्ही!" सगळे एका सुरात म्हणाले. चारी भिंतीही म्हणाल्या.

त्याने फ्रिज उघडला. आत दिवा होता, बाकी काही नव्हतं. शेगडीला हात लावला, गार. कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास. न्हाणीघरात डोकावला; साबण नाही, पेला नाही, ब्रश नाही. परत येऊन त्याने पुन्हा विचारलं, "राहता? कशावरून?"

दादाने आयुष्यात मोठमोठी कर्जप्रकरणं हाताळली होती, पण 'कशावरून'ला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. सकाळपासून त्याने तेच तर बाहेर काढलं होतं.

"माझी शिलाई मशीन आहे ना," ताई म्हणाली. दादा खोकला. ताईने त्या खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. "त्या खिडकीत असते. जमिनीवर तिच्या पायांचे डाग आहेत बघा."

"मशीन कुठे आहे?"

"समोर. मास्तरांकडे."

"कपडे?"

"समोर."

"अंथरुणं? भांडी?"

"तीही समोर," बापूने मान खाली घातली.

निरीक्षक दारापर्यंत गेला, समोर डोकावला. मास्तर स्वतःची आणि यांची मिळून दोन शेगड्या, सहा कुंड्या, बायकांचे ब्लाउज आणि आप्पांचा फोटो यांच्या मधोमध पेपर वाचत बसले होते. त्याने मोबाइलमध्ये आणखी काहीतरी टिपलं. "म्हणजे तुम्ही समोर राहता. आणि समोरच्या जागेत प्रमाणाबाहेर माणसं राहतात. त्यांना वेगळी नोटीस निघेल."

"मी एकटा आहे हो!" मास्तर तिथून ओरडले.

"ते सिद्ध करावं लागेल," निरीक्षक म्हणाला.

भिंगरीला आता राहवेना. शाळांच्या वादविवाद स्पर्धेत नुकतीच ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून ती दुधवाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलायची.

"काका, एक मिनिट. म्हणजे निरीक्षक काका, तुम्ही. आम्ही इथे राहत नाही, असं कोण म्हणतं?"

"मंडळ."

"मग ते मंडळाने सिद्ध करायला नको? आरोप तुमचा, आणि पुरावा आम्ही शोधायचा? उद्या मंडळ म्हणेल भिंगरीला शेपूट आहे, तर मी काय दरवेळी पाठ दाखवत फिरू?"

"भिंगरे!" दादा ओरडला.

निरीक्षक मात्र चिडला नाही. कोणीतरी विचारलं याचं त्याला बरंच वाटलं असावं. त्याने खुर्ची शोधली, ती नव्हती, तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. "बाळ, इमारत मंडळाची. मंडळाला संशय घेण्याचा अधिकार आहे आणि तुम्हाला तो दूर करण्याचा. प्रत्येक संशय मंडळाने सिद्ध करायचा म्हटलं, तर आमच्या निम्म्या नोटिसा छापून तशाच पडून राहतील. मग आम्ही करायचं काय?"

"पण आम्ही इथेच आहोत! आत्ता! तुमच्यासमोर!"

"आत्ता मीही इथेच आहे," निरीक्षक म्हणाला. "म्हणून मी इथे राहतो का?"

भिंगरीने बोटांवर आपले मुद्दे पुन्हा मोजले. हा मुद्दा स्पर्धेत कोणी मांडला नव्हता.

"मंडळाला समजलं, समजलं, म्हणजे समजलं तरी कशावरून?" वहिनीने विचारलं. 'कशावरून' तिने मुद्दाम त्याच्याच सुरात म्हटलं.

"पाटीवरून," निरीक्षक म्हणाला. "मागच्या वेळी आमचा माणूस मीटर बघायला आला होता. दारावर पाटी एका गृहस्थांच्या नावाची. पदवी, हुद्दा, सगळं. आम्ही नाव तपासलं. या नावाच्या गृहस्थांचा दुसरीकडे फ्लॅट आहे आणि ते तिथेच राहतात. ज्याची पाटी तो राहत नाही. मग घरात आहे कोण?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

*

ती पाटी दादाने निवृत्तीनंतर लावली होती. पितळेची, स्वतः निवडलेल्या अक्षरांत. अकराव्या मजल्यावर पाटी लावायची सोय नव्हती. तिथे सगळ्या दारांना सारखेच आकडे. रोज संध्याकाळी फिरून आलं की खालचा वॉचमन विचारायचा, "कोणाकडे जायचंय साहेब?" रोज. वॉचमन बदलायचे, प्रश्न तोच. एकदा तर दादाने वैतागून सांगितलं होतं, "माझ्याकडेच," आणि वॉचमनने घरी फोन लावून विचारलं होतं, की तुमच्याकडे एक गृहस्थ आलेत, सोडू का?

इथे मात्र जिना चढून आलं की आपलं नाव आपली वाट बघत असे. तेवढ्यासाठी तो महिन्यातून एकदा येई, आणि पाटी पुसून जाई.

"मी इथेच राहतो," दादा ताठ मानेने म्हणाला. "जन्मापासून."

"आणि तो फ्लॅट?"

"ती गुंतवणूक आहे."

"गुंतवणूक?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण रिकाम्या घरात तो हवा तेवढा मोठा झाला. "मग रोज रात्री मी जेवायला कोणाला वाढते? व्याजाला?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलणार. साहेब, लिहा. हे या घरात शेवटचे झोपले ते आप्पा गेले त्या रात्री, आणि तेव्हाही उशी मऊ नाही म्हणून पहाटे उठून निघून गेले."

निरीक्षकाने हात वर केला. "थांबा. भांडण नोंदवायला माझ्याकडे जागा नाही. सरळ सांगतो. हे राहत असतील, तर यांना दुसरं घर आहे. नियमाने ही जागा काढून घ्यावी लागेल. हे राहत नसतील, तर ती पाटी नुसतीच शोभेची. पाटी बाद झाली की मंडळाकडे तुमच्याविरुद्ध दुसरं काही नाही, कारण नोटीस काढताना आम्ही दुसरं काही बघितलेलंच नाही. सामान समोर आहे, ते मी आत्ता पाहिलंच. मग या बाई वारस म्हणून राहतात, एवढं मी लिहू शकतो. पण पाटी यांची आहे. यांनीच म्हणायला हवं."

"काय म्हणायला हवं?" दादाने विचारलं. त्याला कळलं होतं.

"की मी इथे राहत नाही."

ताई खिडकीकडे बघत होती, जिथे मशीनच्या पायांचे डाग होते. तिला भावाच्या पाया पडायची इच्छा नव्हती, आणि त्याच्यावर ओरडायचीही नव्हती. तिला एवढंच वाटत होतं, की उद्या शाळेचा गणवेश न्यायला येणाऱ्या बाईला आपण कुठे भेटायचं.

"दादा, तुला जड जात असेल तर राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे काय राहू दे!" बापू पुढे आला. "अरे दादा, बोल की! एक वाक्य तर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना भाषणं दिलीस, आज ताईसाठी एक ओळ निघेना तुझ्या तोंडून?"

भिंगरीने निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. बापू थेट बोलला होता. दादानेही थेटच ऐकलं होतं.

दादाने एकदा सगळं घर डोळ्यांखालून घातलं. ओळखीचं काही दिसतं का, म्हणून. काहीच नव्हतं, त्यानेच काढायला लावलं होतं. फक्त एका कोपऱ्यात छताचा पोपडा निघाला होता, तो लहानपणीही तिथेच होता. मंडळ तेव्हापासून तो बुजवणार होतं.

"मी इथे राहत नाही," दादा म्हणाला.

"जरा मोठ्याने."

"मी इथे राहत नाही! ही राहते. माझी बहीण. आणि हा, आणि याची बायको, ती नर्स आहे, कामावर गेली आहे, आणि ही पोर. मी राहत नाही."

घराने त्याचे शेवटचे शब्द एकदा परत केले. ते त्याला नीट ऐकू आले.

निरीक्षकाची बोटं मोबाइलवर चालली. "वास्तव्यास, बहीण व इतर. पाटी, शोभेची. हं. आता तुमचा या जागेशी संबंध काय लिहू? राहणारे तर नाही म्हणता. मग इथे कोण आहात तुम्ही?"

दादाने मागे बांधलेले हात सोडले. "पाहुणा."

"पाहुणे." बोट थांबलं. सवयीने निरीक्षकाने मान वर केली. "कशावरून?"

"अहो साहेब," वहिनी म्हणाली, "सकाळपासून या घरातलं एवढं सामान हललं. यांनी एक चमचा उचललेला नाही. नुसते मधोमध उभे राहून सांगतायत."

निरीक्षकाने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. बापूने हलवली. भिंगरीने दोनदा हलवली, आणि समोरच्या दारातून मास्तरांनीही पेपर खाली घेऊन हलवली.

त्या दिवसातला हा पहिला पुरावा, जो मंडळाने उलट काही न विचारता मान्य केला.

*

सामान परत यायला वेळ लागला नाही. घर आपलं आपण भरत गेलं. भिंगरीने मधूनच "ओऽऽ" करून पाहिलं, तर आवाज जिथल्या तिथे विरला. ताई मशीनवर बसली आणि उद्याच्या गणवेशाची बाही जोडायला घेतली.

दादा निघाला. एरवी तो निघायचा तेव्हा कोणाला काही सांगायचा नाही, आणि कोणी मान वर करायचं नाही. घरातला माणूस कोपऱ्यावर जाऊन येतो तसं ते असायचं. आज वहिनी पुढे उतरली, पण ताई मशीन थांबवून उठली आणि दारापर्यंत आली. बापू चपला न घालताच जिन्यापर्यंत आला. भिंगरी मागोमाग.

"ये हं पुन्हा," ताई म्हणाली. भावाला ती हे पहिल्यांदाच म्हणत होती.

दादाने मागे वळून तिघांकडे पाहिलं. पाहुण्यांनी म्हणायचं असतं तसंच तो म्हणाला, "येतो." आणि ज्या जिन्यावरून तो लहानपणी दोन-दोन पायऱ्या गाळत पळायचा, तो जिना ओळखीचा नसावा तसा, कठडा धरून, एकेक पायरी बघत उतरत गेला.